मादनूरचा तिसरा खांब

गॅलरीच्या जाळीला चन्नप्पा हत्तुरे दर दोन वर्षांनी स्वतःच्या हाताने रंग देतो. जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आता मुलाचं चालतं, आणि मुलाने यंदा सांगूनही पाहिलं होतं की अप्पा, माणूस लावू. पण रेल्वेच्या इमारतींची डागडुजी करण्यात छत्तीस वर्षं घालवलेल्या मिस्त्रीला दुसऱ्याने मारलेला ब्रश बघवत नाही. वरची जाळी उभ्या-उभ्या झाली. खालच्या पट्टीसाठी तो उकिडवा बसला आणि उजव्या गुडघ्यात बारीक कळ चमकून गेली.

कळ जुनीच होती. पण तिच्यामागोमाग जे आलं त्याने त्याचा हात थांबला. असाच तो एकदा मादनूरला बसला होता. चौऱ्याऐंशी सालचा चैत्र, वय सत्तावीस, हातात करड्या रंगाचा डबा. फलाटावरच्या शेडचा तिसरा खांब. बिडाच्या त्या खांबाचा एक टवका कधीकाळी उडालेला होता आणि तिथे कुणीतरी लोखंडी पट्टा आवळून बसवला होता. पट्ट्याच्या खाचेत रंग जावा म्हणून चन्नप्पा उकिडवा बसला होता, शेजारी झोपलेल्या कुत्र्याला कोपराने ढकलत.

बसला होता. उभा नव्हता.

ब्रश डब्यावर आडवा टाकून तो आत गेला, चष्मा शोधला, मोबाइल उघडला. फोटो समोरच होता, दोन महिने रोज कुणी ना कुणी तो पुन्हा पाठवत होतं. एक्कावन्न सालचा फोटो. मागे पेन्सिलीने सालच लिहिलेलं, गावाचं नाव नाही. मीटरगेजवरचं एक छोटं स्टेशन, चार खांबांची पत्र्याची शेड, डाव्या कडेला उन्हाने पांढरी होऊन गेलेली नावाची पाटी. शेडखाली एक माणूस, खाकी सदरा, खाली धोतर, हातात टोकनची वेताची रिंग. गाडी न थांबता निघाली तर ड्रायव्हरच्या हातात हीच रिंग द्यायची असायची, ते पॉइंटमनचं काम. त्या माणसाच्या शेजारी तिसरा खांब, आणि खांबावरचा पट्टा बरोबर त्याच्या कमरेइतक्या उंचीवर.

चन्नप्पाने फोटो मोठा केला, बारीक केला. माणूस ठेंगू नव्हता.

"एनाय्तु? काय झालं?" स्वयंपाकघरातून बायकोने, शिवम्माने, विचारलं. "तिकडं रंग वाळतोय आणि तुमी फोटो बघत बसलाय."

"शिवू, मी उकिडवा बसलो होतो गं."

"बघितलं की मी. आत्ताच तर बसला होता."

"आत्ता नाही. चौऱ्याऐंशीला."

"चौऱ्याऐंशीला तुमी घरात बसलेलं मला तर आठवत नाही बाई," ती म्हणाली. "सदा लाइनीवर."

निवृत्तीनंतर चन्नप्पाला हे वेड लागलं. कुणी तरी त्याला 'जुनी स्टेशनं' नावाच्या ग्रुपवर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तीन बिननावाचे फोटो ओळखून दिले. पाटीकडे बघायचं नाही, असं तो सांगतो. पाटी कुणीही बदलतं. दगडावर छिन्नीचे घाव कसे पडलेत ते बघायचं, पत्र्याचा उतार कुठे पडतो, पाण्याच्या टाकीचे पाय दगडी की लोखंडी, तिकीट-खिडकीखालचा दगड लोकांच्या कोपरांनी किती झिजलाय. एकदा फक्त एका दाराची वरची कमान दिसत होती आणि त्याने स्टेशन सांगितलं, कारण त्या कमानीतल्या पोळ्याच्या माश्या त्याला चावल्या होत्या. ग्रुपवर कुणी वाद घातलाच तर दुसरे म्हणायचे, मिस्त्री बोलले, विषय संपला. हे वाचताना त्याला जे वाटायचं ते त्याने शिवम्मालाही कधी सांगितलं नाही.

एक्कावन्न सालचा हा फोटो पुण्याच्या प्रियंका नावाच्या मुलीने टाकला होता. ती वास्तुकला शिकवते आणि जुन्या स्टेशनांची चित्रं गोळा करते. चन्नप्पाने चहाचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर दिलं होतं: मादनूर. होटगीच्या पुढे दक्षिणेला, आता बंद. खूण, तिसऱ्या खांबावरचा पट्टा.

पुढे सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये तिने या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. खाली लिहिलं, 'मादनूर, १९५१. टोकन घेऊन उभा असलेला पॉइंटमन.' दुसऱ्या दिवशी यशपाल नावाचा एक सरकारी कारकून ते बघून गेला आणि संध्याकाळी आपल्या आजीला रिक्षात घालून घेऊन आला. आजी म्हणजे पारूबाई, त्र्याऐंशी वर्षांची. तिचा बाप भीमा मादनूरला पॉइंटमन होता. त्रेपन्न साली वारला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आई तिला घेऊन सोलापूरला गिरणीत आली. बापाचा फोटो कधी कुणी काढलेलाच नव्हता.

चन्नप्पा तेव्हा तिथेच होता, नवा सदरा घालून. पारूबाईने काचेला हात लावला नाही, नुसती जवळ गेली, नाक टेकेल इतकी. मग वळून म्हणाली, "मिस्त्री, ह्ये मादनूरच हाय न्हवं?"

"आक्का, डोळे बांधून सांगतो."

"तितं पैंटमन एकच हुता," ती म्हणाली, आणि खाली बसली.

आता रविवारी मादनूरच्या विहारात त्या फोटोची मोठी तसबीर लागणार होती. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. चन्नप्पाचा सत्कार होता. आज मंगळवार होता.

फलाट उंच होतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. दर काही वर्षांनी मुरूम टाकतात, जमीन वर येते, खांब आहे तिथेच राहतो आणि पट्टा मात्र खाली गेल्यासारखा दिसतो. हे खरं असू शकत होतं. त्याने स्वतः कितीतरी फलाट उचलले होते. या विचाराने त्याला जेवण गेलं आणि जेवण होताच तो विचार पातळ झाला. मादनूरच्या फलाटावर मुरूम कोण टाकणार होतं?

बुधवारी तो स्कूटर काढून सात रस्त्याला गेला. काही काम नव्हतं. चहा मागवला, अर्धा ठेवला. परत येताना गल्ली चुकला, स्वतःच्या गावात. घरी येऊन जाळीची राहिलेली पट्टी रंगवायला घेतली आणि उकिडवा बसताच पुन्हा उठला. शिवम्माने ब्रश रॉकेलमध्ये घालून ठेवला. गुरुवारी सकाळी न सांगता तो होटगीला निघाला.

बिरुदेव होटगी स्टेशनाच्या मागेच राहतो. पंच्याऐंशी वर्षांचा, मीटरगेजचे रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये अठराव्या वर्षी लागलेला. दारात शेळीला पाला घालत बसला होता. चन्नप्पाला बघून त्याने पाल्याचा भारा बाजूला सारला.

"आलास व्हय? लोकं म्हनत्यात पेपरात फोटू येतूय तुजा."

"अण्णा, एक विचारायचं होतं. मादनूरच्या शेडखालचा फलाट कधी उचलला होता का? मुरूम टाकून?"

"कुनी उचलायचा? दिसाला दोन गाड्या आन् चडनारी तीन मानसं. त्येच्यासाटी मुरूम टाकतंय व्हय सरकार?"

"मग खांब खाली कसा गेला?"

"कंचा खांब?"

चन्नप्पाने मोबाइल पुढे केला. बिरुदेवने तो हातभर लांब धरला. माणसाकडे त्याने बघितलंच नाही. खांबावर बोट ठेवलं, फोटो पुढे सरकला, चन्नप्पाने परत आणला.

"ह्यो फुटका न्हवं? ह्यो माज्या खांद्यावर आलाय की. अट्टावन्न साली. माजं पयलंच काम. ह्ये वळ बग अजून." त्याने बंडी सरकवून खांदा दाखवला. खांद्यावर काही दिसत नव्हतं.

"कुठून आला?"

"हिरेकोपवरनं. तळ्याच्या कामात हिरेकोपचं ठेसन मोडलं न्हाय का? समदी शेड उचलून ढकलगाडीवर घातली आन् मादनूरला आनून रवली. मादनूरला आदी शेड कुटं हुती? एक बाबळ हुती. तिच्याखाली बसायची लोकं."

"आणि पट्टा?"

"त्यो हिरेकोपलाच मारलेला. आमच्या आदीचा. मादनूर म्हंजे समदा माळ, वारं लई. सायब म्हनला, दोन फूट खोल गाडा, न्हायतर पत्रं उडून विजापूरला जातील. गाडली." बिरुदेव हसला, मग चन्नप्पाकडे बघून थांबला. "लेका चन्नू, इतकी वर्सं रंग दिलास त्या खांबाला, तुला येवडं ठावं न्हवतं?"

"मी एकोणऐंशीला लागलो, अण्णा."

"मग छाती ठोकून सांगतूस कशाला?"

शेळीने पाल्यातून मान बाहेर काढली. उत्तर चन्नप्पाला माहीत होतं, पण ते बिरुदेवला सांगण्यासारखं नव्हतं. रेल्वेत काही फेकून देत नाहीत. एका स्टेशनाचं दार दुसऱ्याला बसतं, एकाचं बाकडं दुसऱ्याकडे जातं. होटगीच्या वेटिंग रूमची खिडकी त्याने स्वतः काढून तीन स्टेशनं पुढे लावली होती, तिच्या गजांवर कुणी कोरलेल्या नावासकट. हे सगळं हाताने केलेला माणूस एका खांबावर विसंबला होता. का, तर त्या खांबाला त्याने स्वतः रंग दिला होता. तो जिथे मला भेटला तिथलाच तो, असं धरून चालला.

हिशेब साधा होता. शेड मादनूरला आली अठ्ठावन्न साली. भीमा गेला त्रेपन्न साली. फोटो एक्कावन्नचा, म्हणजे हिरेकोपचा.

एक फट उरली होती. पॉइंटमन कधीमधी बदलीवर जात. कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी लग्न निघालं, तर शेजारच्या स्टेशनाचा माणूस चार दिवस यायचा. भीमा हिरेकोपला गेला असेल. त्याच चार दिवसांत कुणी कॅमेरा घेऊन उतरला असेल. शुक्रवारी संध्याकाळी बुधवार पेठेत पारूबाईच्या दारात स्कूटर लावेपर्यंत चन्नप्पाने ते चार दिवस इतके पक्के केले होते की त्यातला पाऊससुद्धा त्याला दिसत होता.

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली तो फोटो होता. कागदी फुलांचा हार, खाली मेणबत्तीचं ओघळलेलं मेण. यशपाल ऑफिसातून नुकताच आला होता, पायांतले मोजे काढत होता.

"बसा काका. बरं झालं आलात. रविवारी पहिली वंदना, मग फोटो, मग तुमचा सत्कार, मग जेवण. बोलाल ना दोन शब्द?"

"बघू."

"आमच्या बुद्धप्रियाला बघितलं का तुम्ही? माझी पोरगी. हनुवटी बघा तिची आणि ही बघा." त्याने भिंतीकडे बोट केलं. "ऑफिसात दाखवला तर सगळे म्हणाले, नाक तुझंच."

"नाक आमच्या घरान्याचंच हाय," पारूबाई पलंगावरून म्हणाली. "चा ठेव रं मिस्त्रीस्नी."

चहा आला. चन्नप्पाने बशीत ओतला, प्यायला नाही.

"आक्का, तुमचे वडील कधी हिरेकोपला होते का कामाला? बदलीवर, दोन-चार दिवस?"

"बा?" ती हसली. तिला हा विषय आवडला होता. "बा मादनूर सोडून कवाच कुटं ग्येला न्हाय. आयला त्येचाच लई राग. तिच्या म्हायेरला लगीन निगालं तरी येत न्हवता. म्हनायचा, मी ग्येलो तर गाडी रिंग कुनाच्या हातनं घील? आय म्हनायची, गाडीशीच लगीन लावायचं हुतं की मग."

यशपाल हसला. चन्नप्पाही हसला. बशीतला चहा त्याने एका घोटात संपवला आणि उठला.

"का वो इचारलं?"

"सहज."

खाली येऊन त्याने स्कूटरला किक मारली. चालू झाली. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांनी वाट सोडली. तो तसाच बसून राहिला, पोरं ताटकळली. एकजण म्हणाला, "आजोबा, जाताय का आम्ही बॉल टाकू?" चन्नप्पाने स्कूटर बंद केली, स्टँडला लावली आणि पुन्हा जिना चढला.

त्याने उभ्यानेच सांगितलं. खांब, पट्टा, गुडघा, बिरुदेव, हिरेकोप. सांगताना त्याला कळत होतं की आपण खांबाबद्दल फार बोलतोय. शेवटी म्हणाला, "आक्का, हा फोटो मादनूरचा नाही. हे तुमचे वडील नव्हेत. माझी चूक झाली."

पहिला यशपाल बोलला. हळू, समजावणीच्या सुरात. "काका, जरा थांबा. अडीचशे माणूस येणार आहे. गावात कमान लागली. आणि तुम्ही आज येऊन सांगताय की खांब दोन फूट खाली होता?"

"होता."

"असेल. पण कुणाला कळणार आहे हो? तुम्ही, तो होटगीचा म्हातारा आणि आम्ही दोघं."

"मला कळलंय की," पारूबाई म्हणाली.

ती भिंतीकडे बघत नव्हती. पलंगाच्या कडेला तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि ते हलत होते, लहान मुलीचे हलतात तसे.

"त्या दिशी तितं मी तोंड वळखलंच न्हवतं, मिस्त्री," ती म्हणाली. "तोंड माज्या ध्येनात कुटं हुतं? अकरा वर्साची मी. तुमी मादनूर म्हनला. तितं पैंटमन एकच. मग मी वळखलं. घरी आनला, रोज बगत ग्येले, रोज थोडं थोडं वळखीत ग्येले. आता डोळं मिटलं की ह्योच येतूय." तिने हात झटकला, माशी हाकलल्यासारखा. "आदी काय तरी येत हुतं. तोंड न्हवं, पर कायतरी. त्येची पाट. त्येचं चालनं. ह्येनं त्ये समदं पुसलं. तुमी मला बाप दिला न्हाय वो, हुता त्यो नेला."

चन्नप्पा उभाच होता. माफी मागावी असं त्याच्या मनात आलं आणि तो शब्द इतका हलका वाटला की त्याने तो गिळला.

"काड रं यशपाल त्यो."

"आजी, आत्ता नको. सकाळी बघू."

"काड म्हनते न्हवं."

यशपालने खुर्ची ओढली. हार काढून आजीकडे दिला, फोटो चन्नप्पाकडे. देताना त्याच्याकडे बघितलं नाही.

"घिऊन जावा," पारूबाई म्हणाली. "ह्येची बी कुनी आसंल. दोन म्हैने दुसरीच्या बापाला हार घातला मी. तिला कोन सांगनार?" आणि चन्नप्पा दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, "रईवारी या. मादनूरला."

"आता कशाला, आक्का?"

"या म्हनते."

त्या रात्री त्याने ग्रुपवर लिहिलं. 'हा फोटो हिरेकोपचा. मादनूर म्हणालो ते चूक. शेड नंतर हलवली होती. माणूस कोण, माहीत नाही. हिरेकोपच्या जुन्या रेल्वेवाल्यांचं कुणी ओळखीचं असेल तर कळवा.' एकाने अंगठा टाकला. एकाने विचारलं, मग तुम्ही आधी ओळखलेल्या बाकीच्यांचं काय? त्याच्या खाली कुणी तरी वाफेच्या इंजिनाचं चित्र टाकलं आणि बोलणं तिकडे गेलं. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न चन्नप्पाने चार वेळा वाचला. कमानीतल्या पोळ्याचा फोटो त्याने उघडून बघितला. माश्या कुठेही पोळं करतात.

फोटो शिवम्माने कपाटावर ठेवला, भिंतीला टेकवून.

"कुणाचा बाप आणला घरात?" तिने विचारलं.

"शोधायचाय."

"तोवर जेवतो का तो?" ती म्हणाली. मग पदराने काच पुसली. ती सासरी आल्यापासून तिला काचेवर बोटं चालत नाहीत.

रविवारी तो एसटीने गेला. कमान काढलेली नव्हती. विहारात वंदना झाली, जेवण झालं. यशपालने माइकवर एवढंच सांगितलं की फोटोबाबत थोडी शंका निघाल्यामुळे तो भाग पुढे ढकलला आहे. पंगतीत चन्नप्पाला कुणी काही विचारलं नाही, आग्रह मात्र सगळ्यांनी केला. सत्काराचा नारळ कुणाच्या तरी पिशवीत तसाच राहिला.

ऊन उतरायला लागल्यावर पारूबाई काठी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"चला. तोंड न्हाय तर न्हाय. त्यो उबा कुटं ऱ्हायचा त्ये दावा. येवडं तर ठावं आसंल?"

नवी ब्रॉडगेज गावापासून फर्लांगभर लांबून जाते. जुन्या लाइनीचा भराव गावाजवळच आहे, रूळ नाहीत, खडी लोकांनी घरांसाठी नेली, उरलंय ते गवत आणि बाभळीचं रान. यशपाल आजीला धरून चालत होता. तिघं भरावावर चढले. शेडच्या जागी चार बुंधे होते, गॅसने कापलेले, जमिनीलगत. चन्नप्पा तिसऱ्याजवळ क्षणभर थांबला आणि त्याच्याकडे न बघता पुढे झाला.

हे काम त्याचं होतं. दक्षिण टोकाला गवत पायाने बाजूला करत तो गेला आणि त्याला काँक्रीटचा चौकोनी ठोकळा सापडला, चार बोल्टांची भोकं असलेला. रूळ बदलायची दांडी यावरच बसवलेली असायची. पॉइंटमनची जागा ती.

"इथं, आक्का."

पारूबाई त्या ठोकळ्यावर उभी राहिली. काठीने त्याचा कोपरा ठोकला. मग भरावाच्या खाली बघू लागली, उतारावर, जिथे रेल्वेच्या चाळीची दगडी जोती बाभळीतून डोकं काढून होती.

"न्हाय," ती म्हणाली.

"आक्का, ठोकळा आहे ना."

"आसू दे. हितनं आमचं दार दिसत न्हाय. मी दारात बसायची तवा बा दिसायचा. गाडी ग्येली की हात करायचा."

"स्टेशनाला दोन टोकं," चन्नप्पा स्वतःशीच म्हणाला. "दोन्हीकडं दांडी." आणि मग तिला, "पण तुमचं दार कोणतं, ते कसं कळायचं?"

यशपालचा हात सोडून ती उतरायला लागली, बाजूने, पाय आडवे टाकत. यशपाल ओरडला, "आजी, काटे आहेत!" ती जोत्यांच्या रांगेतून चालली, पहिलं सोडलं, दुसरं सोडलं. चौथ्यापाशी वाकली आणि पायरीच्या दगडावरची माती काठीने खरवडली. दगडात वाटीएवढा खळगा होता.

"आय हितं मिरच्या कुटायची," ती म्हणाली. तिने खळग्यात बोटं घालून वास घेतला आणि हसली, मग त्याच दगडावर बसली, तोंड भरावाकडे करून.

"चला मिस्त्री," ती तिथून ओरडली. "तिकडं चालत ऱ्हावा. मी हात करून सांगते."

चन्नप्पा उत्तरेकडे चालू लागला. गवत मांडीइतकं होतं. खाली काय आहे ते दिसत नव्हतं, पाय ठेचाळत होते. पन्नास पावलांवर त्याने वळून बघितलं. पारूबाई हलली नव्हती. यशपाल तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. बाभळीच्या फांद्या मध्ये येत होत्या. तो आणखी चालला. शंभर. वारं सुटलं होतं, माळावरचं, बिरुदेव म्हणाला होता तसं. गुडघा बोलायला लागला. वळून बघितलं तर जोती एका ढिगाआड गेली होती. तो दहा पावलं मागे आला, पुन्हा दिसली. तिचा हात वर नव्हता.

तो तसाच पुढे-मागे होत राहिला. पाच पावलं इकडे, तीन तिकडे. एवढ्या लांबून तिला त्याचं तोंड दिसत नसणार, हे त्याच्या ध्यानात आलं. खाकी सदरा घालायला हवा होता, असंही आलं, आणि त्याने ते झटकून टाकलं. मग दोन बाभळींमधल्या फटीत तो सरकला तेव्हा पारूबाई उठून उभी राहिली.

मग तिने हात वर केला.

चन्नप्पाने हात वर करायचा की नाही, हे त्याला कळेना. हात अर्धा उचलला गेला आणि तिथेच राहिला. पायाखालचं गवत त्याने टाचेने दाबलं. काहीतरी कठीण लागलं. ठोकळा असेल, दगडही असेल. तो उकिडवा बसला, गुडघ्याची कळ तशीच राहू दिली, आणि दोन्ही हातांनी माती बाजूला करायला लागला.